भिंतीवरची माणसं काय म्हणाली

अजिंठ्याच्या लेण्यांत मी ३१ वर्षं गाइड होतो. गाव फर्दापूरच्या बाजूचं, शाळा मराठी, इंग्रजीची एबीसीडी पाचवीत गेल्यावर पहिल्यांदा पाहिली. पुढं पोट भरलं ते मात्र इंग्रजीत गोष्टी सांगून. लेण्यांच्या भिंतींवर जातककथा रंगवलेल्या आहेत. त्यातली माणसं एकमेकांकडं बघतात, हात पुढं करतात, माना कलवतात, पण ओठ मिटलेले. ती काय बोलली हे पाहुण्यांना सांगायचं काम आमचं. शाळेत 'डायरेक्ट-इनडायरेक्ट स्पीच' हा पाच मार्कांचा प्रश्न असायचा. दिलेलं वाक्य फिरवून लिहायचं, मार्क घ्यायचे आणि विसरून जायचं. माझ्या वाट्याला तो प्रश्न रोज आला. आता काम थांबलंय, तर त्या एका धड्यानं काय काय शिकवलं ते लिहून ठेवावंसं वाटतं.

१. इंग्रजीतला 'आय' बोलणाऱ्याला सोडून कुठं जात नाही. हे मला सतरा नंबरच्या लेण्यात, नोकरीच्या पहिल्याच हंगामात कळलं. तिथं विश्वंतर राजपुत्राची कथा आहे. दानाचा असा ध्यास, की राज्याला पाऊस देणारा पांढरा हत्तीही त्यानं मागणाऱ्यांना देऊन टाकला आणि प्रजेनं चिडून त्याला वनवासाला धाडलं. भिंतीवर तो आपल्या राणीला, माद्रीला, ती बातमी सांगतोय आणि ती त्याच्या अंगावर कलली आहे. मी मोठ्या भावनेनं म्हणालो, "माद्री सेड दॅट आय विल ऑल्सो गो टू द फॉरेस्ट." पुढं उभ्या असलेल्या वयस्कर बाईंनी अगदी मनापासून विचारलं, "यू वेंट विथ देम?" सगळे माझ्या उत्तराची वाट बघत थांबले. मला चूक कुठं झाली तेच उमगेना. 'माद्री म्हणाली की मीपण वनात येणार,' यात मराठी माणसाला कसलीच शंका येत नाही. आपला 'की' ओलांडला की पलीकडं माद्रीचं अंगण; तिथला 'मी' म्हणजे माद्रीच. इंग्रजीत 'दॅट' म्हटलं की पलीकडंही अंगण माझंच राहतं. तिथं माद्रीची 'शी' होते, 'विल'चं 'वुड' होतं. तिचा 'मी' तसाच ठेवायचा असेल तर 'दॅट' गाळून, क्षणभर थांबून, तिच्याच तोंडून बोलायला हवं. नियम मला पाठ होता. पण तो नियम म्हणजे 'तू नक्की कुठं उभा आहेस?' हा प्रश्न आहे, हे त्या बाईंनी शिकवलं.

२. आपली बोलण्याची रीत अडाणी नाही. हे कळायला मला दहाएक वर्षं लागली. तोवर मी मनाशी धरून चाललो होतो की मराठीला काळ मागं सरकवता येत नाही, सर्वनामं बदलता येत नाहीत, म्हणून माझं इंग्रजी असं अडखळतं. एकदा जपानी मंडळींचा गट आला. सोबत त्यांची दुभाषी होती. मी इंग्रजीत सांगायचं, तिनं जपानीत. जेवणाच्या सुट्टीत मी तिला विचारलं, तुमच्यात दुसऱ्याचं बोलणं कसं सांगतात? ती म्हणाली, आधी त्याचं वाक्य, मग 'तो' असा एक छोटा शब्द आणि शेवटी 'म्हणाला'. मी बघतच राहिलो. हे तर आपलं 'येतो असं म्हणाला'. पुढं एका पाली शिकवणाऱ्या भंतेंनी सांगितलं की संस्कृतात 'इति' येतो, पालीत त्याचा 'ति' होतो. बोलणं जसंच्या तसं ठेवायचं आणि शेवटी हा शब्द लावून दार ओढून घ्यायचं. जातककथा ज्या भाषेत सांगितल्या गेल्या तिची रीत माझ्या आजीच्या रीतीसारखीच होती. त्या दिवसापासून मी इंग्रजीचे नियम जास्त आदरानं पाळायला लागलो. आपल्या घराची लाज वाटेनाशी झाली की दुसऱ्याच्या घरात नीट वावरता येतं.

३. घाईच्या ठिकाणी इनडायरेक्ट, मुक्कामाच्या ठिकाणी डायरेक्ट. सुरुवातीला मी सगळंच संवादात सांगायचो. राजा बोलला, प्रधान बोलला, द्वारपाल बोलला. सात-आठ मिनिटांत लोकांचे डोळे छताकडं. मग घाबरून सगळंच वृत्तांतात सांगायला लागलो, तर लोक घड्याळाकडं. एक नंबरच्या लेण्यातल्या महाजनकानं मला प्रमाण शिकवलं. मिथिलेचा हा राजा हत्तीवरून बागेत जातो, फळांनी लगडलेल्या आंब्याचं एक फळ खातो. राजानं चाखलं म्हणताना मागचे लोक झाडावर तुटून पडतात, फांद्यासुद्धा मोडतात. शेजारचा वांझ आंबा मात्र हिरवागार उभा. राजाला कळून चुकतं की ज्याच्यापाशी काही आहे त्यालाच ओरबाडतात, आणि तो राज्य सोडायचं ठरवतो. यात कोणी काय हुकूम दिला, कोण काय कुजबुजलं, ते सगळं 'ही टोल्ड देम', 'दे सेड दॅट' करत भराभर उरकायचं. वाक्यं फिरवताना त्यांतला जोर थोडा ओसरतो, आणि इथं तो ओसरायलाच हवा असतो. मग राणी सीवली पुढं येते. तिथं थांबायचं, श्वास घ्यायचा आणि तिचं एकच वाक्य तिच्या तोंडून बोलायचं. एका गोष्टीत अशी दोन वाक्यं पुरतात, तिसरं आलं की पहिल्याची किंमत कमी होते. ज्यांचं व्याकरण आम्ही शाळेत घोटलं त्या रेन आणि मार्टिनपैकी पी. सी. रेन हे स्वतः कादंबरीकार होते. १९२४ साली आलेली 'ब्यू जेस्ट' त्यांची. हे मला फार उशिरा समजलं आणि फार बरं वाटलं. नियम लिहिणारा माणूस गोष्टी सांगणाराही होता.

४. प्रश्न सरळ केला की त्यातली कळ जाते. सीवलीच्या प्रश्नावर मी वर्षानुवर्षं ठेचकाळलो. 'तू मला सोडून का चाललास, असं तिनं विचारलं,' हे डोक्यात मराठीत उभं राहायचं आणि तोंडातून यायचं, "शी आस्क्ड हिम दॅट व्हाय आर यू लीव्हिंग मी." इंग्रजीत हे धड इकडचं नाही, धड तिकडचं नाही. फिरवायचं तर "शी आस्क्ड हिम व्हाय ही वॉज लीव्हिंग हर." त्यात 'दॅट' येत नाही, शब्दांची उलटापालट राहत नाही, प्रश्नचिन्हही गळून पडतं. हे बरोबर बोलायला शिकलो तेव्हा आनंद झाला आणि लगेच चुटपुट लागली. वाक्य निर्दोष झालं होतं, पण राणी त्यातून निघून गेली होती. आता ती काही विचारत नव्हती. तिनं विचारल्याचं मी फक्त कळवत होतो. तेव्हापासून मी रचना बदलली. आधी साधं "शी आस्क्ड हिम." मग थांबायचं. मग "व्हाय आर यू लीव्हिंग मी?" शब्द जवळजवळ तेच, मधला 'दॅट' तेवढा काढला आणि त्या जागी शांतता ठेवली. लेण्यात ती शांतता फार मोठी असते. दगड ती जपून ठेवतो.

५. 'सेड' इतका नम्र शब्द दुसरा नाही. मी पाहुण्यांवर छाप पडावी म्हणून 'एक्सक्लेम्ड', 'रिटॉर्टेड', 'एन्क्वायर्ड' असे शब्द वहीत लिहून पाठ केले होते. ते मी उच्चारायचो तेव्हा लोक माझ्याकडं बघायचे, भिंतीकडं नाही. अमेरिकेतले कादंबरीकार एल्मोर लिओनार्ड यांनी २००१ साली लिहिण्याचे दहा नियम सांगितले. संवादासाठी 'सेड'शिवाय दुसरं क्रियापद वापरू नका, हा त्यातला एक. मी तो नंतर वाचला, पण मला तो आधी टॉर्चनं शिकवला. चित्रांच्या लेण्यांत उजेड बेताचाच, फ्लॅशला बंदी. बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर मी टॉर्च हलकेच न्यायचो, बोलणं संपलं की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर. हळूहळू लक्षात आलं की उजेड सरकतो तेव्हा 'सेड'चीही गरज पडत नाही. गावातल्या सप्त्यात येणारे बुवा हेच करायचे. मान डावीकडं वळली की देव, उजवीकडं वळली की भक्त. 'तो म्हणाला' हे शब्द कधी आलेच नाहीत आणि आम्हा पोरांचा कधी गोंधळही झाला नाही. शंकर पाटील, द. मा. मिरासदार, व्यंकटेश माडगूळकर यांच्या कथाकथनात शेकडो माणसं आवाजाच्या नुसत्या चढउतारावर गावचा चावडीवाद ऐकायची. मी इंग्रजीचा कोश चाळत होतो आणि लागणारी गोष्ट देवळाच्या सभामंडपातच पडलेली होती.

६. इंग्रजीत 'अहो' नाही, आणि ती उणीव शब्दांनी भरून निघत नाही. माद्री नवऱ्याशी बोलते तेव्हा माझ्या मनात ती 'अहो' म्हणते. जंगलात सगळं हरपल्यावर तीच त्याला 'अरे' म्हणत असेल, असंही वाटतं. एवढ्या एका अक्षराच्या फरकात आपल्याकडं अख्खा संसार सांगून होतो. इंग्रजीत दोन्हीकडं 'यू'. मी काही काळ 'माय लॉर्ड' वापरून पाहिलं. ऐकणाऱ्यांना ते नाटकातलं वाटलं आणि मलाही परकं वाटलं. मग लक्षात आलं की चित्रकारापुढंही हीच अडचण होती. त्याच्यापाशी तर एकही शब्द नव्हता. त्यानं आदर बसण्याच्या पद्धतीत ठेवला, जवळीक खांद्याच्या कलण्यात ठेवली, भीती बोटांत ठेवली. मी पाहुण्यांना सांगायला लागलो, तिचा हात बघा, आणि मग तिचं वाक्य अगदी साध्या इंग्रजीत, खालच्या आवाजात म्हणायचो. 'अहो' आवाजात उतरतं. एकदा पुण्याहून आलेली एक मुलगी परदेशी मैत्रिणींना घेऊन आली होती. बाहेर पडताना ती हळूच म्हणाली, "काका, तुम्ही इंग्रजी बोलत होता, पण मला मराठी ऐकू येत होतं." ३१ वर्षांत मिळालेली सगळी टिप एका बाजूला आणि ते वाक्य एका बाजूला.

७. जे कोणी ऐकलं नाही ते कोणाच्या तोंडी घालू नये. हा धडा मला खरोखर नमवून गेला. मेजर रॉबर्ट गिल १८४४ पासून पुढं कित्येक वर्षं इथं राहून या चित्रांच्या नकला करत होता. त्यातल्या बहुतेक नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. इथलीच पारो नावाची स्त्री त्याच्यासोबत होती. तिची कबर अजिंठा गावात आहे, दगडावर १८५६ साल आहे. गिलची कबर भुसावळला. एवढं ठाऊक आहे. बाकी लोकांनी रचलं, ना. धों. महानोरांनी त्यावर दीर्घ कविता लिहिली, सिनेमाही झाला. मी पाहुण्यांना सांगताना पारोच्या तोंडी वाक्यं घालायचो, डायरेक्ट, आवाज कातर करून. लोकांचे डोळे पाणवायचे. एकदा एका वृद्ध गृहस्थांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "हू हर्ड हर से दॅट?" माझ्यापाशी उत्तर नव्हतं. जातकातली माद्री कथेची आहे, तिला माझा आवाज चालतो. पारो हाडामांसाची बाई होती. तिच्या घरातली माणसं याच मातीत नांदली. तिनं न बोललेलं वाक्य अवतरणचिन्हांत घालणं म्हणजे तिच्या नावावर खोटी सही करणं. आपल्या मराठीत यासाठी दोन अक्षरांचा केवढा प्रामाणिक शब्द आहे: 'म्हणे'. 'त्याचा तिच्यावर फार जीव होता म्हणे.' ऐकलेलं सांगतोय, डोळ्यांनी पाहिलेलं नाही, हे त्यात आपोआप येतं. इंग्रजीत 'इट इज सेड', 'पीपल हिअर से' असं मुद्दाम म्हणावं लागतं आणि घाईत तेच गळतं. पुढं मी ते कधी गळू दिलं नाही. पारोबद्दल दगडावर काय आहे ते सांगायचो, लोक काय म्हणतात ते 'म्हणे'सकट सांगायचो आणि तिला गप्प राहू द्यायचो. लोक तरीही डोळे पुसायचे.

८. आणि जे बोलणं ऐकायला जड जातं ते वृत्तांतात लपवू नये. विश्वंतराच्या कथेत पुढं जूजक नावाचा म्हातारा ब्राह्मण वनात येतो आणि त्याची दोन्ही मुलं दान मागतो. माद्री तेव्हा फळं आणायला गेलेली असते. राजपुत्र मुलं देऊन टाकतो. हा भाग मी नेहमी एका वाक्यात उरकायचो: "द चिल्ड्रन बेग्ड हिम नॉट टू सेंड देम." व्याकरण बिनचूक. एकदा सातआठ वर्षांच्या एका मुलानं आईचा हात धरून विचारलं, "बट व्हॉट डिड दे से?" मी नियमाआड दडत होतो हे त्याला कळलं असावं. माझीही मुलं त्याच वयाची होती. त्यांच्यासारखा आवाज काढायचा मला धीर नव्हता. मी टॉर्च खाली केला आणि म्हणालो, "दे सेड, वेट टिल मदर कम्स." आई येईपर्यंत तरी थांबा, एवढंच त्यांचं मागणं जातकात आहे. तो मुलगा काही बोलला नाही. त्याच्या आईनं त्याला जवळ ओढून घेतलं. डायरेक्ट बोलणं हे सांगणाऱ्याला महाग पडतं. महाग पडत नसेल, तर बहुधा त्या जागी ते नकोच असतं.

९. शेवटी 'मी' कोणाचा, हा प्रश्न व्याकरणापाशी संपत नाही. पाली जातकसंग्रहात ५४७ कथा आहेत आणि त्यांची एक ठरलेली घडण आहे. आधी बुद्धाच्या काळातला एखादा प्रसंग, मग त्यानं सांगितलेली मागच्या जन्मातली गोष्ट, आणि अखेरीस समोधान. म्हणजे सांधा जुळवणं: त्या जन्मातलं कोण आज कोण आहे. विश्वंतराच्या कथेत बुद्ध सगळं 'तो' म्हणून सांगतो. तो राजपुत्र, त्याची राणी, ती मुलं, तो ब्राह्मण. आणि शेवटाला सांगतो की माद्री म्हणजे राहुलची आई, तो मुलगा म्हणजे राहुल, जूजक म्हणजे देवदत्त, आणि विश्वंतर म्हणजे तो स्वतः. गोष्टभर दूर ठेवलेला 'तो' एका क्षणात 'मी' होतो. हे मला माहीत होतं, पाहुण्यांना मी सांगतही होतो, पण त्याचा अर्थ बऱ्याच वर्षांनी लागला. आधी इतकं दूर उभं राहायचं की सगळ्यांचं सगळं दिसावं, दान घेणाऱ्याचं, रडणाऱ्या मुलांचं, आपल्या स्वतःच्या कठोरपणाचंसुद्धा. आणि मग मागं न सरता सांगायचं, तो मी होतो. इनडायरेक्ट आणि डायरेक्ट यांच्यामधलं हे अंतर ओलांडण्यासाठीच बहुधा गोष्ट सांगायची असते.

पहिल्या हंगामातल्या त्या बाईंचा प्रश्न मला मग वेगळा ऐकू यायला लागला. तू गेला होतास का त्यांच्याबरोबर वनात? तेव्हा मी ओशाळून वाक्य दुरुस्त केलं होतं. पुढच्या वर्षांत प्रत्येक वेळी माद्रीचं वाक्य उच्चारण्याआधी मी तो प्रश्न स्वतःला मनात विचारत आलो. उत्तर 'हो' आलं तर तिच्या तोंडून बोलायचो. नाही आलं, मन दुसरीकडं असलं, घरी कोणी आजारी असलं, तर त्या दिवशी "शी सेड शी वुड गो विथ हिम" म्हणून पुढं सरकायचो. दोन्ही वाक्यं बरोबर आहेत. कुठलं खरं, ते त्या दिवशीच्या सांगणाऱ्यावर आहे.

शेवटच्या दिवशी सतरा नंबरमध्ये मी समोधान सांगितलं, "अँड द बुद्धा सेड, दॅट प्रिन्स वॉज मी," आणि टॉर्च बंद केला. कोणी काही विचारलं नाही. दाराशी चपला-बूट शोधायला सगळे वाकले, तशी खालून वाघुर नदीच्या पाण्याचा आवाज ऐकू आला.